दुसऱ्या अंकातलं लग्न

नाशिक,
२३ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप सौ. आक्काच्या चरणी,

धाकट्या जयरामचा नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग, पण पत्र आलंय हे सांगू नकोस. (नमस्कार कुठून आला असं त्यांनी विचारलंच तर एस.टी.च्या ड्रायव्हरने तोंडी सांगितला म्हण.) तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान शेकून बांधतेस की मी पाठवलेलं मलम लावतेस? दोन्ही एकदम करू नकोस, कातडी सोलते, माझं झालंय. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गुरुवारपासून डोळ्याला डोळा नाही, आणि परवा स्टँडवर माइकवरून मी सटाण्याची गाडी पेठच्या फलाटावर लावली. ड्रायव्हर शहाणा, त्याने गाडी हलवली नाही. पण सटाण्याची सगळी माणसं बोचकी घेऊन पेठच्या फलाटावर गेली आणि तिथून मला शोधत थेट कंट्रोलच्या केबिनपर्यंत आली. नोकरीत आजवर असं झालं नव्हतं.

फोन का केला नाही असं म्हणशील. केला होता, दोनदा केला. पण तुमचा फोन गाळ्यावर, आणि तो उचलतात दाजी. त्यांनी भारदस्त आवाजात 'कोण?' म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दोन्ही वेळा मी आज लिलाव कसा झाला एवढंच विचारून फोन ठेवला. मेहुणा आता कांद्यात उतरतोय असं त्यांना वाटलं असेल. (यंदाचा भाव बघता उतरायला हवं होतं म्हणा.) म्हणून हा कागद.

तर मुद्दा माझ्या तृप्तीच्या लग्नाचा आहे. दाजींनी एवढ्या खटपटीने आणलेलं मालेगावचं स्थळ येत्या रविवारी तिला बघायला यायचं आहे, आणि आक्का, मला अशी दाट शंका येतेय की तृप्तीचं लग्न गेल्या गुरुवारी झालेलं आहे. पूर्ण झालं असं नाही, पण बरंचसं झालंय. तू आधी खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच. पोरगी पळूनबिळून गेलेली नाही. घरातच आहे, आत्ता आत भाकऱ्या थापतेय. लग्न नाटकात झालं, पाचशे माणसांदेखत, आणि मी स्वतः विंगेत उभा होतो.

आपल्या मंडळाचं 'दोन गढ्या' हे नाटक तुला आठवतच असेल. मंडळ काढणाऱ्या मास्तरांनी लिहिलेलं. लहानपणी ते बघून तू एवढी रडलीस की बाबांनी तुला उचलून बाहेर नेलं होतं. नदीच्या दोन काठांना दोन गढ्या, पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, या काठचा मधुकांत, त्या काठची हेमांगी. शेवटी दोघंही मरतात आणि मग दोघांचे म्हातारे बाप एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. (एवढा वेळ का थांबले होते ते मला अजून कळलेलं नाही.) नाटकाची सगळी गोम त्या दोघांच्या स्वभावात आहे. मधुकांत म्हणजे वाळक्या गवताची गंजी. पूर दिसला की उडी, मन बसलं की त्याच दिवशी लग्न, आणि हेमांगी बुडाली असं कोणी नुसतं म्हटलं की विष. घाटावर ती बेशुद्ध पडलेली असते, पण हा गडी नाडी बघत नाही, कोणाला विचारत नाही, प्याला तोंडाला लावतो. हेमांगीचं सगळं उलट. तो पुरातून पोहत येऊन प्रेमाचं भाषण सुरू करतो, तर ही विचारते, कोरडे कपडे आणलेत का? तो म्हणतो तुझ्यासाठी प्राण देईन, ती म्हणते त्याआधी लग्न लावणारा कोणी बघा. जुळवाजुळव सगळी तिची आणि नासाडी सगळी त्याची. इतकी वर्षं मी या नाटकाचा प्रॉम्प्टर आहे, पण शेवटच्या अंकाला दर वेळी मनात येतं, अरे बाबा, एक गाडी सुटेपर्यंत तरी थांब.

यंदा आमचे दिग्दर्शक सावळीराम सर (शाळेत चित्रकला शिकवतात, त्यामुळे त्यांना सगळं वेगळं करायची हौस) म्हणाले, भडक माणसाला भडक काम आणि शांत माणसाला शांत काम कोणीही देईल, आपण उलट करू, त्यात नटाचा कस लागतो. आणि त्यांनी हेमांगीच्या कामाला आपली तृप्ती उभी केली. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. दूधवाल्याशी भांडून झालं की पेपरवाला, तो संपला की कंडक्टर, तोही माझ्याच खात्यातला. तिची आई होती तोवर निदान घरात कोणीतरी तिला 'हळू' म्हणणारं होतं. आता मी म्हणतो, आणि ती माझ्याकडे बघून आणखी मोठ्याने बोलते. आणि मधुकांतासाठी सरांनी जो मुलगा आणला त्याचं नाव धनराज निकम.

निकम वाचून तुझी चष्म्याकडे बोटं गेली असतील. होय, तेच. तुमच्या शेजारच्या मळ्यातल्या नाथा निकमांचा थोरला. ज्यांच्या ट्रॉलीवर दाजींनी लिलावात बोली लावली, खळ्यावर माल ओतल्यावर वर मोठा आणि खाली बारका कांदा निघाला म्हणून चारचौघांत बोलले, आणि ज्यांनी सगळा माल पुन्हा ट्रॉलीत भरून दाजींच्या डोळ्यांसमोर शेजारच्या गाळ्यावर नेऊन घातला, तेच नाथा निकम. तेव्हापासून लिलाव एकेका ट्रॅक्टरवरून पुढे सरकतो, दाजी निकमांच्या ट्रॅक्टरपाशी आले की आभाळाकडे बघत पुढच्या ट्रॅक्टरला जातात, हे तूच मला सांगितलंस. मी सरांना म्हटलं, दुसरा मुलगा बघा. सर म्हणाले, एवढा थंड दुसरा मिळणार नाही.

आणि थंड म्हणजे किती थंड ते ऐक, म्हणजे मी का बेसावध राहिलो ते तुला कळेल. पोरगा इथे द्राक्षबागांच्या औषधांच्या दुकानात कामाला आहे. तालमीत गढीच्या भिंतीवरून उडी मारायची, तर हा आधी भिंतीला हात लावून खिळे बघायचा, मग खाली वाकून सतरंजीची घडी करून ठेवायचा, तोवर तृप्ती पलीकडे कमरेवर हात देऊन उभी. प्रेमाचं वाक्य म्हणायच्या आधी एवढा थांबायचा की मला वाटायचं विसरला आणि मी वाक्य पुरवायचो, मग हळूच म्हणायचा, काका, ध्यानात हाय, म्हणतो की. विषाच्या प्रवेशाला तर त्याने सरांना विचारलं, सर, हे औषध स्पर्शजन्य की आंतरप्रवाही? कारण पोटात जाऊन भिनायला वेळ लागतो, एवढ्या लवकर माणूस पडायचा नाय. सरांनी डोकं धरलं. तृप्ती त्याच्यावर खेकसायची, ओढत जागेवर आणायची. आता तूच सांग, अशा दोघांकडे बघून कोणत्या बापाच्या मनात शंका येईल? माझी सगळी काळजी एवढीच होती की ती एखाद्या तालमीत त्याला खरंच ढकलून देईल.

गुरुवारी नाट्यस्पर्धेचा प्रयोग, आणि सकाळी भिकनचा निरोप आला की त्याने अक्कलदाढ काढली, गाल नारळाएवढा सुजलाय. भिकन म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. दुसऱ्या अंकात नदीकाठच्या पडक्या देवळात चोरून लग्न लावणारा भटजी तो करतो. सर घायकुतीला आले. तेवढ्यात मला युक्ती सुचली (आक्का, मला युक्ती सुचली की काय होतं हे तू जन्मापासून बघतेयस) आणि मी म्हटलं, पंचवटीतले आपले गुरुजी आणतो, रंगभूषा नको, वेशभूषा नको, मंत्र पाठ. गुरुजींनी जन्मात नाटक बघितलेलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, वेळ किती? मी म्हटलं, दहा-बारा मिनिटं. ते म्हणाले, तेवढ्यात बसवतो, पण मंत्र खोटे म्हणता येत नाहीत, विधी विधीसारखा होईल. मी म्हटलं, करा हो करा. तुळशीची लग्नं नुकतीच झालेली, दिवसही मुहूर्ताचा निघाला, हे सगळं मला नंतर कळलं.

दुसरा अंक उघडला. गुरुजी आले, रंगमंचाला नमस्कार केला, अंतरपाट धरायला विंगेतून दोन शिपायांना (दुसऱ्या गढीचे, शत्रूचे शिपाई होते ते, पण गुरुजींना काय माहीत) हाक मारली आणि सुरू झाले. पुस्तकात या जागी फक्त 'भटजी मंत्र म्हणतात' एवढंच आहे. मी निवांत पान उलटायला गेलो, आणि गुरुजींनी तृप्तीला विचारलं, वधूपित्याचं नाव? पुस्तकात हे नाही. हेमांगीचा बाप सरदार भैरोजीराव, म्हणून मी विंगेतून सगळ्या जोराने 'भैरोजीराव, भैरोजीराव' करत राहिलो. तृप्तीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, जयराम बहिरू थेटे. माझं नाव, आक्का, बाबांचं नाव, आडनावासकट. मग गुरुजी धनराजकडे वळले. तो नेहमीसारखा थांबला. इतका थांबला की लोक खुर्चीत हलायला लागले. मग त्याने सांगितलं, धनराज नाथा निकम, लासलगाव.

पुढचं काय लिहू? गुरुजींनी खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू केली आणि अख्खं नाट्यगृह सवयीने उभं राहिलं. आपल्या लोकांना बसून मंगलाष्टकं ऐकता येत नाहीत. 'सावधान' झालं की कोणी चिवडा टाकला, कोणी खारे दाणे, पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी पर्समधली बडीशेप टाकली. हार घातले, मंडळाच्या पेटीतलं मंगळसूत्र घातलं, सप्तपदी सुरू झाली, तेवढ्यात सरांनी भिऊन पडदा पाडला. आणि लग्न लागलं म्हटल्यावर निम्मे लोक उठून जेवणाची पंगत कुठे आहे ते बघायला कँटीनकडे गेले. त्यांना चुचकारून परत बसवेपर्यंत तिसरा अंक उशिरा सुरू झाला.

आणि तिसऱ्या अंकात त्या शहाण्याने आणखी घोळ घातला. घाटावर हेमांगी पडलेली, हा प्याला घेऊन येतो, रडतो, आणि विष प्यायच्या ऐवजी वाकून तिच्या नाकापाशी हात धरतो आणि म्हणतो, श्वास चालू हाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधुकांताने बघून घेतलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, सर विंगेत मटकन खाली बसले, आणि बेशुद्ध पडलेली हेमांगी ओठ न हलवता म्हणाली, 'पी आधी.' तो निमूट प्यायला. मग तिने कट्यार खुपसून घेतली, दोन्ही म्हातारे गळ्यात पडले, सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. फक्त विंगेतून जे दिसतं ते लोकांना दिसत नाही. दोघं मरून पडली होती आणि त्याने तिचा हात धरलेला होता. पडदा पडल्यावरही सोडला नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, तू माझं नाव का सांगितलंस? मला वाटलं होतं भडकेल. तर ती म्हणाली, गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं, वडील म्हणून मी दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ? मग तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, पुसून कागदात बांधलं आणि म्हणाली, हे मंडळाचं आहे, परत देऊन या. कन्यादान झालेलं नाही, बाबा, त्यामुळे लग्नही झालेलं नाही. तुम्ही हात दिल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. पण मालेगावच्या लोकांपुढे पोहे घेऊनही बसणार नाही. हे सगळं आक्का, हळू आवाजात. दूधवाल्याशी जी चढ्या आवाजात बोलते ती पोरगी माझ्याशी एवढं हळू बोलली, याचीच मला जास्त भीती वाटली. आरडाओरडा केला असता तर मी समजूत घातली असती.

शुक्रवारी तो आला. चहा घेतला, पंख्याकडे बघितलं, यंदा डावणी फार आहे म्हणाला (द्राक्षांवरचा रोग, माझ्यावरचा नव्हे), पुन्हा चहा घेतला. शेवटी म्हणाला, काका, गुरुजींनी इचारलं तवा नाटकातलं नाव घेता आलं असतं. पण पोळ्यापासून मनात हाय. लय इचार केला. म्हटलं आता खरंच सांगावं. मी त्याला म्हटलं, तुझे वडील आणि आमचे दाजी यांचं काय? तो म्हणाला, त्याचाबी इचार चालूय. मी डोक्याला हात लावला. जो भिंतीचे खिळे तपासल्याशिवाय उडी मारत नाही, त्याने पाचशे माणसांसमोर उडी मारली, आणि जी सदा उडीच मारायची ती आता पाय रोवून उभी आहे. यातला मधुकांत कोण आणि हेमांगी कोण, हे आता सावळीराम सरांनाही सांगता यायचं नाही.

शनिवारी मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, गुरुजी, हे लग्न धरायचं की नाही? ते म्हणाले, कन्यादान नाही, सप्तपदी पुरी नाही, म्हणजे झालं म्हणता येत नाही. मला हायसं वाटलं. मग म्हणाले, पण दोघांनी खऱ्या बापांची नावं घेतलीत, म्हणजे काहीच झालं नाही असंही म्हणता येत नाही. शुभकार्य अर्धवट ठेवू नये. हे ऐकून मी स्टँडवर आलो आणि सटाण्याची गाडी पेठला लावली.

तर आक्का, तू थोरली आहेस, तूच मला वाढवलंस, तूच सांग काय करायचं. मालेगावकरांना काय कळवू? दाजींना काय सांगू? दाजींचा शब्द मोडायची माझी छाती नाही, आणि पोरीचं मन मोडायची तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंनी माझाच पाय रुततोय. विचार करून दोन ओळी लाव. गुडघ्याला जप. दाजींना नमस्कार (वर सांगितला तोच, नवा नाही).

तुझा,
जयराम

ता. क. मालेगावकरांना काय कळवू असं वर विचारलंय, ते मी शनिवारीच कळवून टाकलं. येऊ नका म्हणालो. कारण विचारलं तर घरात लग्न आहे असं तोंडून निघून गेलं. ते आज ना उद्या दाजींच्या कानावर घालतीलच, म्हणून पोस्टाने न पाठवता हे लासलगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे हातोहात देतोय.

ता. क. दुसरा. दाजींना पत्र आल्याचं सांगू नकोस म्हटलं होतं, ते रद्द. दाखव. नाथा निकमांच्या ट्रॉलीत खाली काय होतं ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. पण हा पोरगा मी चार महिने रोज विंगेतून बघितलाय, कोणी बघत नाही असं वाटताना माणूस जसा असतो तसा. वर जो माल आहे तोच खाली आहे, असं माझ्या नावावर त्यांना सांग. आणि त्यांना निकमांशी बोलावं लागणार नाही, मंगलाष्टकं चालू असताना कोणी कोणाशी बोलत नाही.

ता. क. तिसरा. मुहूर्त पौष लागायच्या आत धरलाय. हे आधी लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. कन्यादानाला जोडी बसावी लागते आणि माझी जोडी राहिली नाही. तू आणि दाजी बसाल का? गुरुजी म्हणाले, एकटा बसलात तरी चालतं, तिच्या जागी पाटावर सुपारी मांडू. मी हो म्हणून घरी आलो, सुपारी शेजारच्या पाटावर ठेवून बघितली, आणि मला बसता आलं नाही. आक्का, तुम्ही दोघं या.